मुलांच्या छोट्या खोलीत खालून ओढायचा पलंग: घरच्या घरी कसा बनवावा

आमच्या मुलांची खोली आठ फूट बाय दहा फूट. त्यात लेकीचा एकेरी पलंग, एक टेबल आणि एक कपाट. धाकटा पाच वर्षांचा झाला आणि "मला पण ताईच्या खोलीत झोपायचंय" सुरू झालं. दुसरा पलंग टाकला असता तर खेळायला फरशीच उरली नसती. दुमजली पलंगाचा विचार दोन दिवस केला आणि सोडला. आपल्या घरांत छताला पंखा असतो, आणि वरच्या पलंगावर उठून बसलेल्या मुलाचा हात पंख्यापर्यंत सहज जातो. शिवाय सहा वर्षांखालच्या मुलाला वर झोपवू नये असं सगळेच सांगतात.

मग ओढता पलंग करायचं ठरलं. दुकानात याला ट्रंडल बेड म्हणतात. मोठ्या पलंगाच्या पोटात चाकांवरचा एक बुटका पलंग, रात्री ओढायचा, सकाळी आत ढकलायचा. मी सुतार नाही. ड्रिल मशीन चालवता येतं, टेप धरता येते, तेवढ्यावर हे झालं. दोन शनिवार-रविवार लागले, त्यातला एक पहिली चूक निस्तरण्यात गेला. तुमचा तो वाचावा म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण सगळं तिच्यावर उभं आहे. आधी चाकं घ्या, मग गादी, आणि प्लाय सगळ्यात शेवटी. बहुतेक जण उलटं करतात. प्लाय आणतात, पलंग बनवतात आणि मग तो गादीसकट आत जात नाही.

## १. आधी पलंगाखाली टॉर्च घेऊन बघा

तुमचा पलंग पेटीचा असेल, म्हणजे खाली सामान ठेवायची जागा असेल, तर त्याच्या पोटात काही जाणार नाही. तो कापायच्या भानगडीत पडू नका, पेटी कापली की पलंगाचा आधारच जातो. पायांवर उभा असलेला लाकडी पलंग, दिवाण किंवा जुनी लोखंडी खाट हवी. लोखंडी खाटेखाली तर भरपूर उंची मिळते.

आता टॉर्च मारून बघा:

- मधे आधाराचा पाय आहे का? डबल बेडला हमखास असतो, एकेरीला कधीकधी. असेल तर तिथे ओढता पलंग अडणार.
- मागच्या भिंतीला प्लगचा बोर्ड, वायर, पाइप काही आहे का?
- फरशी सपाट आहे का? एखादी लादी वर आलेली असेल तर चाक तिथे रोज ठेच खाईल.

पलंग बुटका पडतोय म्हणून पायांखाली विटा किंवा ठोकळे सरकवू नका. मुलं पलंगावर उड्या मारतात. उंची वाढवायचीच असेल तर सुताराकडून पायांना बोल्टने पक्के जोड लावून घ्या.

## २. तीन मापं, आणि प्रत्येक माप तीन ठिकाणी

उंची. फरशीपासून पलंगाच्या आडव्या फळीच्या खालच्या कडेपर्यंत. डोक्याशी, मधे आणि पायाशी मोजा. सर्वांत कमी येईल ते धरा. आमच्याकडे डोक्याशी पावणेदहा इंच आलं, मधे साडेनऊ. फळी वर्षानुवर्षांच्या वजनाने मधे थोडी वाकलेली होती. मी साडेनऊ धरलं.

लांबी. पलंगाची एकूण लांबी धरू नका. डोक्याकडच्या आणि पायाकडच्या पायांमधलं मोकळं अंतर हवं. आमचा पलंग बाहेरून ८१ इंच, पण पायांमधे मोकळे ७४. ओढत्या पलंगाला दोन्ही बाजूंना निदान अर्धा-अर्धा इंच सैल जागा ठेवा. मी एक-एक इंच ठेवली.

खोलीतली जागा. पलंग ३९ इंच रुंद, त्यापुढे ओढता पलंग ३१, म्हणजे ७० झाले. खोलीची रुंदी ९६. उरले २६ इंच. तेवढ्यात टेबल बसतं, पण खुर्ची रात्री टेबलाखाली सरकवावीच लागते.

आकड्यांवर विसंबू नका. जुनी वर्तमानपत्रं घ्या, ओढत्या पलंगाच्या मापाची चिकटपट्टीने जोडा आणि एक दिवस फरशीवर पसरून ठेवा. कपाटाचं दार उघडून बघा. खोलीचं दार उघडून बघा. रात्री उठून बाथरूमकडे जायची वाट आहे का ते मुलाला चालायला लावून बघा. आमच्या शेजारच्या घरी याच वर्तमानपत्रांमुळे कळलं की कपाटाचं दार अर्धंच उघडतंय, आणि त्यांनी पलंग दुसऱ्या भिंतीला लावला. हे प्लाय कापायच्या आधी कळायला हवं.

## ३. चाकं: इथेच माझी चूक झाली

हार्डवेअरच्या दुकानात मी "पलंगाला चाकं हवीत" म्हटलं आणि त्यांनी चारी बाजूंना फिरणारी, ब्रेकची चाकं दिली. दिसायला छान होती. पलंग ओढला तेव्हा सुरेख बाहेर आला. आत ढकलताना मात्र चाकं आधी उलटी वळायला लागली, आणि वळता वळता पलंग तिरका झाला. डावा कोपरा मोठ्या पलंगाच्या पायावर आपटला. लेकीने पुन्हा ढकललं, पुन्हा आपटला. चौथ्या दिवशी पायाच्या पॉलिशचा टवका उडाला आणि धाकट्याने पलंगाला हात लावायचं सोडून दिलं.

ओढत्या पलंगाला एकाच रेषेत जायचं असतं, पुढे आणि मागे. त्याला फिक्स चाकं लागतात, जी वळत नाहीत. सगळी चाकं फिक्स घ्या आणि सगळ्यांचं तोंड ओढायच्या दिशेला.

घेताना हे बघा:

- व्यास दोन इंच. त्याहून लहान चाक लाद्यांच्या फटीत अडकतं.
- एकूण उंची. दोन इंची चाक म्हणजे दोन इंच उंची नव्हे. प्लेट धरून ते साधारण पावणेतीन इंच भरतं. दुकानातच टेप लावून मोजा. याच पाऊण इंचाने लोकांचे पलंग अडकतात.
- मटेरियल. कडक नायलॉनचं चाक फरशीवर खडखडतं, खालच्या मजल्यावर ऐकू जातं. काळ्या रबराचे डाग राहू शकतात. पीयूचं (पॉलियुरेथेन, रबरासारखं मऊ प्लास्टिक) किंवा राखाडी रबराचं घ्या.
- वजन. एका चाकाला निदान ४० किलो. सहा चाकं लावायची. मूल २० किलोचं असलं तरी गोष्ट सांगायला त्याच्या शेजारी तुम्ही आडवे होणारच.

## ४. गादी

आता उंचीचा हिशोब कागदावर मांडा. आमचा असा होता: चाक पावणेतीन, प्लाय पाऊण, गादी चार, चादर आणि पातळ पांघरूण अर्धा. एकूण आठ इंच. पलंगाखाली साडेनऊ. वर दीड इंच मोकळा राहिला, आणि तो राहायलाच हवा. अगदी अर्ध्या इंचावर आणलं तर चादरीची घडी रोज अडकेल. उशी आणि जाड रजई आत जात नाही, ती सकाळी मोठ्या पलंगावर ठेवायची.

चार इंचांची फोमची गादी मुलाला पुरते. फोम घेताना डेन्सिटी, म्हणजे घनता, विचारा. ३२ किंवा ४० घ्या, त्याहून हलका फोम वर्षभरात बसतो. तयार मापांत ७२ बाय ३० मिळते, आणि ओढत्या पलंगाला ती अगदी योग्य. ३६ इंची गादी मोठ्या पलंगाखाली पायांच्या आत नीट मावत नाही.

तुमच्या भागात कापूस पिंजून गादी भरून देणारे असतील तर त्यांच्याकडून हव्या त्या मापाची तीन इंची गादी करून घ्या. उंची कमी असलेल्या पलंगाला हा सर्वांत चांगला उपाय आहे. फक्त तिला महिन्यातून एकदा ऊन दाखवावं लागतं, आणि ती जड असते.

## ५. सामान आणि हत्यारं

- १८ एमएमचा, आठ बाय चारचा एक प्लाय, बीडब्ल्यूआर ग्रेडचा, म्हणजे पाण्याला टिकणारा. साधा कमर्शियल प्लाय स्वस्त पडतो, पण फरशीपासून तीन इंचांवर, पावसाळ्यात, रोज पुसलेल्या ओल्या लादीच्या वर तो फुगतो.
- दोन इंची फिक्स चाकं ६
- सव्वा इंची, सहा एमएमचे काउंटर डोक्याचे (लाकडात आत बसणाऱ्या चपट्या डोक्याचे) बोल्ट २४, नट आणि वायसर
- दीड इंची आणि सव्वा इंची स्क्रू
- फेविकॉलचा लहान डबा
- ८०, १२० आणि २२० नंबरचा पॉलिश पेपर
- प्रायमर, पाण्यात मिसळणारा रंग, ब्रश
- गालिच्याखाली टाकतात ती रबरी जाळी
- ड्रिल मशीन, तीन आणि सहा एमएमची बिटं, एक इंची भोकाचं बिट, काउंटर बिट
- टेप, गुण्या (काटकोन तपासायला), पेन्सिल, स्क्रू ड्रायव्हर, पाना, दोन शिकंजे (क्लॅम्प)

आमच्याकडे गादी धरून सगळा खर्च साडेसात हजारांच्या आसपास गेला. शहरानुसार प्लायचा भाव बराच बदलतो, तेव्हा दोन दुकानांत विचारा.

## ६. प्लाय दुकानातच कापून घ्या

घरी करवतीने सहा फूट सरळ कापणं नवशिक्याचं काम नाही. बहुतेक प्लायवाल्यांकडे मशीन असतं किंवा ते शेजारचा सुतार सांगतात. कागदावर आकृती काढून न्या आणि कापताना समोर उभे राहा. सुतार इंच आणि सूत बोलतात, एका इंचाचे आठ सूत. दर कापाला साधारण एक सूत पातं खातं, ते हिशोबात धरा.

एका शीटमधून असं निघतं:

1. शीट ९६ बाय ४८ इंच. आधी लांबीत उभा काप, एक तुकडा ३० रुंद, दुसरा १८ला थोडा कमी.
2. ३० रुंदच्या तुकड्यातून ७२ लांब कापा. ही झाली बैठक. उरलेला २४ बाय ३०चा तुकडा टाकू नका.
3. दुसऱ्या तुकड्यातून सात इंच रुंद पट्टी, ७६ लांब. ही पुढची फळी.
4. राहिलेल्यातून दोन इंच रुंदीच्या चार पट्ट्या. दोन ७२ला कापा, उरलेल्या दोनांतून साडेअठ्ठावीसचे तीन-तीन तुकडे पाडा. सहापैकी पाच लागतात.
5. २४ बाय ३०च्या तुकड्यातून तीन इंच रुंद, ३० लांब अशा दोन पट्ट्या, मागच्या कठड्यासाठी.

पुढची फळी ७६ का? पायांमधलं अंतर ७४ आहे. फळी दोन्हीकडे एक-एक इंच जास्त ठेवली की ती मोठ्या पलंगाच्या पायांवर येऊन थांबते. पलंग हवा तेवढाच आत जातो, मागच्या भिंतीवर आपटत नाही.

## ७. जोडणी

सोसायटीत दुपारी दोन ते चार ड्रिल चालवू देत नाहीत, म्हणून भोकं सकाळीच पाडून घ्या.

भोकं आधी. बैठकीत हवेसाठी एक इंची वीस-पंचवीस भोकं पाडा, कडेपासून चार इंच आत, ओळीने. हे करायचं टाळू नका. दिवसभर पलंगाखाली कोंडलेल्या गादीला खालून हवा मिळाली नाही तर जुलै-ऑगस्टमधे बुरशीचा वास येतो. चाकांच्या आणि पट्ट्यांच्या जागा आधी पेन्सिलने आखून त्या सोडून भोकं पाडा.

खालच्या पट्ट्या. बैठक उलटी करा. दोन लांब पट्ट्या पुढच्या आणि मागच्या कडेला, उभ्या. त्यांच्यामधे साडेअठ्ठावीसचे पाच तुकडे: एक-एक टोकाला, बाकीचे समान अंतरावर, पण मधला मध्यापासून चार इंच सरकवा, तिथे चाक येणार आहे. फेविकॉल लावा, शिकंज्याने धरा आणि वरून, म्हणजे बैठकीच्या बाजूने, दीड इंची स्क्रू मारा, दर सहा-सात इंचांवर. प्लायच्या कडेत स्क्रू जातो तेव्हा आधी तीन एमएमचं भोक हवंच. नाहीतर थर फाटतात आणि ते जोडता येत नाहीत. स्क्रूची डोकी काउंटर बिटाने आत बसवा.

घाईत फेविकॉल सुकायच्या आधी बैठक उचलू नका, रात्रभर तशीच ठेवा. त्याआधी दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही सारखे आले तर चौकट काटकोनात आहे.

चाकं. तीन पुढच्या ओळीत, तीन मागच्या. चाक कडेपासून तीन इंचांपेक्षा आत घेऊ नका. मूल कडेवर बसलं की आत घेतलेल्या चाकांवर पलंग पुढे कलंडतो. सगळी चाकं रुंदीच्या दिशेने धावायला हवीत, तेव्हा प्रत्येक प्लेट गुण्याने तपासा. एक चाक थोडं तिरकं बसलं तरी पलंग त्या बाजूला ओढतो. स्क्रू नको, बोल्टच लावा. वरून काउंटर करून डोकं प्लायच्या पातळीच्या आत, खाली वायसर आणि नट. रोजच्या ओढाताणीत प्लायमधले स्क्रू सहा महिन्यांत सैल होतात.

पट्ट्या दोन इंचांच्या आणि चाक पावणेतीनचं, त्यामुळे पट्टी फरशीपासून पाऊण इंच वर राहते. पट्टी याहून रुंद केली तर ती फरशीला घासेल.

पुढची फळी. तिची खालची कड पट्टीच्या खालच्या कडेशी एका रेषेत ठेवा. आतल्या बाजूने, पट्टीतून फळीत सव्वा इंची स्क्रू आणि फेविकॉल. बाहेरून एकही स्क्रू दिसत नाही. फळीची वरची कड फरशीपासून पावणेआठ इंचांवर येते आणि मोठ्या पलंगाच्या फळीशी पावणेदोन इंचांची फट राहते. ही फट मुद्दाम ठेवली आहे. मुलाची बोटं तिथे सापडत नाहीत, आणि फळीची वरची कड धरूनच पलंग ओढता येतो. हँडल लावूच नका, अंधारात नडगी त्यावरच आपटते.

मागचा कठडा. ३० इंची दोन पट्ट्या मागच्या कडेला बाहेरून लावा, प्लायच्या वर दोन इंच येतील अशा. ढकलताना गादी मागे सरकत नाही. बाजूंना कठडा लावला तर पायांमधली सैल जागा संपते, म्हणून तिथे गादीखाली रबरी जाळी टाका.

## ८. कडा आणि रंग

मुलाचं डोकं त्या पुढच्या फळीपासून वीतभर अंतरावर असणार आहे. फळीच्या वरच्या कडेवर आणि दोन्ही कोपऱ्यांवर सगळ्यात जास्त वेळ द्या. आधी ८०, मग १२०, शेवटी २२०चा पेपर. झाल्यावर जुना नायलॉनचा मोजा हातात घालून कडेवरून फिरवा. कुठेही धागा अडकला तर तिथे लाकडाचं कुसळ आहे, पुन्हा घासा.

रंग पाण्यातला घ्या. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) वर नको असा आपल्याकडे २०१७ पासून नियम आहे. डब्यावर तसं लिहिलेलं असतं, ते वाचूनच घ्या, सुट्टा रंग घेऊ नका. खालची बाजू आणि प्लायच्या कापलेल्या कडाही रंगवा. ओल तिथूनच शिरते. रंग झाल्यावर चार-पाच दिवस गॅलरीत हवेशीर ठेवा. वास पूर्ण गेल्याशिवाय मुलाला त्यावर झोपवू नका.

## ९. बसवून बघणं

पलंग सरळ करा, गादी टाका, आणि मूल चढायच्या आधी घरातल्या सर्वांत जड माणसाला चारही कोपऱ्यांवर आणि मधे बसवा. कुरकुर आली तर नट आवळा. मग वीस वेळा आत-बाहेर करा. दर वेळी सरळ जातोय ना, तेवढंच बघा.

फिक्स चाकांना ब्रेक नसतो. रात्री मूल भिंतीला किंवा मोठ्या पलंगाला पाय लावून रेटतं आणि पलंग इंच-इंच पुढे जातो. सकाळी दोन्ही पलंगांमधे फट पडलेली असते, आणि वरचं मूल उतरताना तिथे पाय घालतं. उरलेल्या प्लायच्या दोन पाचरी करा, खाली रबराचा तुकडा चिकटवा आणि पुढच्या फळीखाली पाऊण इंचाच्या फटीत सरकवा. पाचरींना सुतळी बांधून ती फळीच्या टोकाला अडकवली की हरवत नाहीत. आमच्याकडे पाचरी लावणं हे धाकट्याचं काम आहे, "बाबा, लॉक केलं" हे ऐकल्याशिवाय दिवा बंद होत नाही.

## १०. रोजच्या वापरात

पलंग आत ढकलायचं काम मोठ्यांचं किंवा मोठ्या भावंडाचं, आणि ढकलण्याआधी वाकून बघायचं. लपाछपीत पलंगाखाली शिरायला मुलांना ही जागा फार आवडते.

सकाळी उठल्या उठल्या पलंग आत ढकलू नका. गादी घामाने ओलसर असते, अर्धा तास पंख्याखाली उघडी राहू द्या. दिवसभर गादीवर जुनी चादर टाकून ठेवा, मोठ्या पलंगाखालची सगळी धूळ तिच्यावर बसते. रात्री ती चादर अलगद घडी करून काढा, खोलीत झटकू नका. घरात कुणाला दमा किंवा सर्दीचा त्रास असेल तर ही चादर दर आठवड्याला धुवा.

चाकांच्या आसाला केस आणि दोरे गुंडाळले जातात. पलंग जड झाला असं वाटलं की आधी ते कात्रीने कापून काढा, तेल नंतर. पहिल्या महिन्याने सगळे नट एकदा पान्याने आवळा, कारण नवीन प्लाय दबतो आणि ते सैल होतात. नंतर वर्षातून दोनदा पुरे. आम्ही मे महिन्यात पाहुणे यायच्या आधी आणि दिवाळीच्या साफसफाईत, बैठक उभी केली की तेव्हाच, वाळवीची माती कुठे दिसते का तेही बघून घेतो.